गुहागरच्या बंगल्यात उभी असलेली बॉक्स्टर: घेण्याआधी काय बघाल

प्रश्न थोडक्यात असा. गुहागरजवळ समुद्राला लागून असलेल्या एका बंगल्यात २००७ ची पोर्शे बॉक्स्टर विकायला आहे. दोन सीट, मिटवता येणारं कापडी छप्पर, २.७ लिटरचं इंजिन, मॅन्युअल गिअर, पहिलाच मालक, मीटरवर ११ हजार किलोमीटर. मालक मुंबईला असतात आणि गाडी २०१६ पासून इथल्या शेडमध्येच आहे. "इतक्या कमी रनिंगची दुसरी मिळणार नाही," असं म्हणून ते चढा भाव सांगतायत. तुम्ही रत्नागिरीहून शनिवारी बघायला जाणार आहात, तर काय काय तपासावं?

आधी ते ११ हजार बाजूला ठेवा. पुण्यात किंवा नाशकात कमी रनिंगला किंमत असते, ती मीही देतो. पण समुद्रकाठी उभ्या असलेल्या गाडीचं वय किलोमीटरवर ठरत नाही, ती कुठे आणि कशी उभी होती यावर ठरतं. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं आणि त्याचं खारट पाणी होतं. आपल्याकडे पावसाळ्यात आर्द्रता त्याच्या वरच असते. म्हणजे गाडीवर एकदा बसलेलं मीठ पाऊस अंगावर न पडताही महिनोन्महिने ओलं राहतं. रोज फिरणारी गाडी धुतली जाते, तापते, वाळते. उभी गाडी तशीच कुजत राहते, आणि मीटर मात्र ११ हजारच दाखवतो.

शनिवारी निघण्याआधी मालकांना फोन करून दोन गोष्टी सांगा. एक, मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. दुसरी, सर्व्हिस बुक आणि दोन्ही चाव्या बंगल्यावर पाठवून ठेवा. त्याच फोनवर सहज बोलता बोलता तीन तारखा विचारा. ३ जून २०२० ला, म्हणजे निसर्ग वादळात, गाडी कुठे होती? मे २०२१ मध्ये तौक्ते आलं तेव्हा? आणि २२ जुलै २०२१ ला? वादळात शेडचे पत्रे उडाले, झाडं पडली, माड गाड्यांवर आले. तसलं काही झालं असेल तर पत्र्यावर आणि रंगावर ते सापडतं. तिसरी तारीख चिपळूणच्या पुराची. गाडी गुहागरची असली तरी बॅटरीला किंवा टायरला म्हणून चिपळूणच्या एखाद्या गॅरेजात गेली होती का, हे विचारायलाच हवं. वाशिष्ठीचं पाणी ज्या गाडीच्या सीटपर्यंत चढलं ती बॉक्स्टर फुकट दिली तरी मी घेणार नाही.

तिथे पोचलात की गाडीकडे न जाता आधी शेड बघा. लाटांपासून किती अंतरावर आहे? मिठाचा मारा पहिल्या काही शे मीटरांत सगळ्यात जास्त असतो, आत जाल तसा तो झपाट्याने कमी होतो. शेडचं तोंड पश्चिमेला आहे का? खाली कोबा आहे की नुसती माती? चिऱ्याच्या भिंती गिलावा नसताना पावसाळाभर ओलावा धरून ठेवतात. गाडीवर प्लॅस्टिकचं कव्हर असेल तर तो उलट तोटाच, कारण आतली वाफ बाहेर जात नाही. आणि आसपास सुरूची झाडं असतील तर ते लक्षात ठेवा, त्याकडे पुढे येतो.

बंगल्यावर राखणदार असेल तर त्याच्याशी निवांत गप्पा मारा. मालकांना माहीत नसतं ते त्याला माहीत असतं. बहुतेक ठिकाणी ऐकू येणारं वाक्य म्हणजे, "दर रविवारी दहा मिनिटं चालू करून ठेवतो, साहेब." तो हे अभिमानाने सांगेल, तुम्हीही मान डोलवा. पण इंजिनाच्या दृष्टीने याहून वाईट सवय नाही. दहा मिनिटांत ऑइल पुरतं तापत नाही, जळालेल्या पेट्रोलचं पाणी ऑइलमध्ये उतरतं आणि तिथेच राहतं. वर्षभर हे केलं की साधारण ९ तास इंजिन फिरतं आणि किलोमीटर शून्य. हा ९ चा आकडा पुढे लागणार आहे.

आता गाडी. बॉक्स्टरचं इंजिन मधे, सीटच्या मागे असतं. पुढचं बॉनेट उघडलंत तर डिकी, मागचं उघडलंत तरी डिकी. मागच्या डिकीत फक्त ऑइल आणि कूलंट भरायची तोंडं दिसतात. म्हणजे "आमच्या मेकॅनिकने बॉनेट उघडून बघितलंय, सगळं ठीक आहे" या वाक्याला इथे काही अर्थ नाही. गाडी लिफ्टवर घेतल्याशिवाय इंजिन दिसत नाही. आणि "बॅटरी उतरलीय, त्यामुळे बॉनेट उघडत नाही" असं सांगितलं तर ते खरं असू शकतं, कारण या मॉडेलची कुलपं विजेवर चालतात. पायाजवळच्या फ्यूज बॉक्समध्ये बाहेर ओढायचं एक टर्मिनल असतं. त्याला दुसऱ्या बॅटरीचा प्लस द्यायचा, मायनस दाराच्या बिजागरीला लावायचा, की पुढचं बॉनेट उघडतं. जंपर केबल आणि एक चार्ज केलेली बॅटरी सोबत न्या, म्हणजे हे कारण पुढे करायला जागा राहणार नाही.

बॉनेटच्या आतल्या बाजूला एक कागदी स्टिकर असतो. त्यावर चासी नंबर, रंगाचा कोड आणि कारखान्यातून बसवून आलेल्या ऑप्शनचे कोड असतात. तसाच दुसरा सर्व्हिस बुकात चिकटवलेला असतो. दोन्ही जुळले पाहिजेत. बॉनेटवरचा स्टिकर नसेल तर बॉनेट बदललंय किंवा रंगवलंय, असं धरून पुढे चला. चासी नंबर काचेच्या खालच्या कोपऱ्यात दिसतो, पुढच्या डिकीत ठोकलेला असतो. दोन्ही आरसीशी अक्षरन् अक्षर ताडून बघा. सीटबेल्टच्या मुळाशी शिवलेल्या पट्टीवर बनावटीची तारीख असते, काचांवर वर्षाच्या खुणा असतात. एकच काच वेगळ्या सालाची निघाली तर घाबरू नका, फक्त विचारा. रंगाची जाडी मोजायचं यंत्र लोखंड आणि ॲल्युमिनियम दोन्हींवर चालणारं हवं. मूळ रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉनच्या आसपास येतो. कुठे ४००-५०० आला तर खाली लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली आहे.

या गाडीच्या पत्र्याला कारखान्यातच जस्ताचा थर दिलेला असतो, त्यामुळे तो सहसा गंजत नाही. पत्र्यावर गंजाचा फोड दिसला तर तिथे कधीतरी ठोकाठोक होऊन जस्त गेलंय असं समजा. कोकणात ही गाडी मरते ती इतर जागी: बोल्ट, ब्रेक, रेडिएटर, वायरचे जोड. आणि छपराच्या पाण्याने.

छपराबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण माझ्या मते शनिवारची अर्धी तपासणी इथेच आहे. कापडी छपरावरून उतरणारं पाणी मागे दोन्ही बाजूंच्या पन्हळीत जमतं. तिथून नळ्यांमधून ते खाली, मागच्या चाकांच्या पुढे, जमिनीवर पडतं. या नळ्यांची तोंडं छप्पर पूर्ण बंद असताना दिसत नाहीत. छप्पर अर्धवट उघडून थांबवलं आणि मागचं झाकण वर आलं, की दोन्ही कोपऱ्यांत ती दिसतात. सुरूच्या काड्या इथे येऊन बसतात. आंब्याचं पान मोठं असल्याने वरच अडकतं, सुरूची काडी मात्र नळीत उभी जाते आणि मागून येणारी माती तिला लिंपून टाकते. मग पाणी केबिनमध्ये उतरतं.

तपासायचं असं. पेलाभर पाणी एका बाजूच्या पन्हळीत हळूहळू ओता आणि सोबतच्या माणसाला चाकाजवळ बसवा. पाणी काही सेकंदांत खाली सुळकन पडलं पाहिजे. थेंब थेंब पडलं किंवा पडलंच नाही तर नळी तुंबलीय. दुसऱ्या बाजूलाही तेच करा. तुंबलेली असेल तर तार घालू नका, नळी आतल्या आत सुटते. जाड तंगूस हळूच फिरवून घालायची. तुंबलेली नळी हा दोष नाही, ते अर्ध्या तासाचं काम आहे. खरा प्रश्न आधी किती पाणी आत गेलं हा. सीट पुढे सरकवा, सीटमागचा गालिचा उचला आणि खालचा फोम मुठीत दाबा. वरून गालिचा कोरडा असतो, पंखा लावून वाळवलेला असतो. फोम महिनोन्महिने ओला राहतो. फोम दाबून हात ओला झाला, किंवा सीटच्या रुळांचे बोल्ट तांबूस दिसले, तर खालून जाणाऱ्या वायरिंगच्या जोडांवर हिरवट थर आलाय का ते बघा. तो दिसला तर माझ्याकडून नकार. इलेक्ट्रिकचा असा दोष आज दाराच्या कुलपात, उद्या एअरबॅगच्या दिव्यात, परवा गाडी चालूच न होण्यात निघतो, आणि दर वेळी गाडी मुंबईला न्यावी लागते.

सीटवरची बुरशी आणि तो कोंदट वास याला फार महत्त्व देऊ नका. कोकणात कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते. दार उघडताना काच आपोआप बोटभर खाली येते का आणि दार लावल्यावर वर जाते का, तेवढं बघा. काच अशी खाली-वर करणारा स्विच नेहमी जातो, खर्च किरकोळ.

पुढच्या बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांतल्या जाळीतून टॉर्च मारा. आत एसीचा कंडेन्सर आणि त्याच्या मागे रेडिएटर असतो. दोघांच्या फटीत पाला जमतो, तो मीठ आणि ओल धरतो, आणि पातळ ॲल्युमिनियमच्या पट्ट्या बोट लावलं की पिठासारख्या गळतात. हे दोन्ही बाजूंना असतं, म्हणजे बदलायचे तर चार भाग. भावात धरायची पहिली मोठी रक्कम ही.

ब्रेकच्या डिस्कवर गंज दिसेलच. वरवरचा असेल तर पाच-दहा वेळा ब्रेक दाबल्यावर जातो. नखाला लागतील असे खड्डे पडले असतील तर डिस्क गेली. पण जास्त महत्त्वाचा कॅलिपर, म्हणजे ब्रेकचे पॅड डिस्कवर दाबणारा भाग. तो ॲल्युमिनियमचा आणि त्यावर पॅड सरकण्यासाठी स्टीलच्या पट्ट्या स्क्रूने बसवलेल्या असतात. खाऱ्या हवेत या पट्टीखाली ॲल्युमिनियम फुगतं, पांढरी भुकटी होते, पट्टी वर उचलली जाते आणि पॅड जागच्या जागी आवळला जातो. चाक काढून बघितल्याशिवाय हे कळत नाही. चारही चाकं काढायची परवानगी आधीच मागून ठेवा. चाक काढलेलं असताना आतल्या बाजूला स्प्रिंगचं शेवटचं वेटोळं बघा, ते तुटतं. एक्झॉस्टचे बोल्टही बघा. ते गंजून डोकं उरलेलं नसेल तर पुढे कुठलंही काम निघालं की बोल्ट तुटणार आणि मजुरी दुप्पट होणार.

टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. ४५०६ म्हणजे २००६ चा पंचेचाळिसावा आठवडा. टायर मूळचे, नक्षी नवी कोरी, असं मालक कौतुकाने सांगतील. ११ हजारांची गोष्ट खरी असल्याचा तो चांगला पुरावा आहे, आणि त्याच टायरांवर तुम्ही परत रत्नागिरीला येऊ शकत नाही. रबर दगड झालेलं असतं. याउलट टायर एकदा नव्हे, दोनदा बदललेले निघाले तर ११ हजारांचा हिशेब विचारा.

आता इंजिन. आधी मागे हात लावून एक्झॉस्ट थंड असल्याची खात्री करा आणि मग चालू करायला सांगा. या इंजिनाचे सिलिंडर आडवे असल्याने बरेच दिवस उभ्या गाडीत थोडं ऑइल सिलिंडरमध्ये उतरतं. त्यामुळे पहिल्यांदा निळसर धुराचा एक लोट आला आणि लगेच विरला तर ते चालतं. पांढऱ्या धुराने अंगण भरलं आणि थांबेचना, तर ऑइलची वाफ वेगळी करणारा भाग फाटलाय. चालू इंजिनवर ऑइलचं झाकण काढून बघा: झाकण जोराने आत ओढलं जात असेल तर तेच निदान. तो भाग बदलता येतो. झाकणाखाली साय आल्यासारखा पिवळट थर दिसला तर तो बहुधा त्या रविवारच्या दहा मिनिटांचा प्रसाद आहे.

२००९ च्या आधीच्या या इंजिनांमध्ये मधल्या शाफ्टचं बेअरिंग तुटून इंजिनच निकामी होण्याचा प्रश्न सगळ्यांनी ऐकलेला असतो. २००७ च्या गाडीत आधीच्यापेक्षा मोठं बेअरिंग आहे, ते कमी वेळा जातं. पण ते बदलायचं तर इंजिन पूर्ण खोलावं लागतं. त्यामुळे इथे भीती किंवा विश्वास दोन्ही कामाचे नाहीत, पुरावा बघायचा. ऑइल फिल्टर इंजिनाच्या तळाला प्लॅस्टिकच्या डब्यात कागदी घडीचा असतो. गाडी लिफ्टवर घ्या, फिल्टर काढा, घड्या कात्रीने कापून पांढऱ्या कापडावर उलगडा आणि उन्हात धरा. चकचकीत कण दिसले तर लोहचुंबक फिरवा. चिकटले ते स्टीलचे, म्हणजे बेअरिंग किंवा चेन, व्यवहार थांबवा. न चिकटणारे ॲल्युमिनियमचे. मग स्पार्क प्लग काढून सिलिंडरमध्ये कॅमेरा घालून उभे ओरखडे आहेत का बघावं लागेल. तपकिरी प्लॅस्टिकचे तुकडे चेनच्या पट्टीचे. नुसतं काळं ऑइल आणि स्वच्छ कागद निघाला तर बरीच काळजी मिटली. मालक फिल्टर काढू देत नसतील तर नवा फिल्टर आणि ऑइल तुमच्या खर्चाने घालायची तयारी दाखवा. तरीही नाही म्हणाले, तर ते नाही तुम्हीही ऐका.

स्कॅनर जोडणाऱ्याला फक्त दोषांचे कोड वाचायला सांगू नका. इंजिनाच्या कंट्रोल युनिटमध्ये इंजिन एकूण किती तास चाललं ते साठवलेलं असतं. ११ हजार किलोमीटर, घाटाघाटांतून आणि मुंबईच्या गर्दीतून ताशी सरासरी ३० ते ४० धरली, तर साधारण २७५ ते ३६७ तास व्हायला हवेत. त्यात २०१६ पासूनचे दर वर्षाचे ते ९ तास मिळवा. ३५०-४५० च्या आसपास आकडा आला तर मीटर खरं बोलतंय. १,१०० तास निघाले तर कोणीतरी मीटर मागे घेतलाय. मीटर पाडणारे हा आकडा बहुधा विसरतात. तिथेच इंजिन मर्यादेबाहेर किती वेळा फिरलं याच्या नोंदी १ ते ६ पट्ट्यांत असतात, आणि शेवटची नोंद कितव्या तासाला झाली तेही दिसतं. खालच्या पट्ट्यांतले आकडे गाडी जोरात चालवल्याचे, त्यात काही वावगं नाही. ४, ५, ६ मध्ये नोंद असेल तर कोणीतरी वेगात असताना चुकून खालचा गिअर टाकलाय. नोंद तीनशे तासांपूर्वीची असेल तर मी सोडून देतो, कालची असेल तर नाही. युनिटच नवं बसवलेलं निघालं, तर जुनं का गेलं याचं बिल मागा.

पेट्रोल किती वर्षांचं आहे विचारा. हल्लीच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलमध्ये पाणी लवकर ओढलं जातं, आणि आपल्या हवेत तर फारच. टाकी रिकामी करून नवं भरल्याशिवाय लांबचा ड्राइव्ह घेऊ नका. ड्राइव्ह घ्याल तोही जुन्या टायरांवर गावातल्या गावात, क्लच सुटतो का आणि ब्रेक एका बाजूला ओढतो का एवढ्यापुरताच.

कागदपत्रं घरबसल्या आधीच बघून टाका. २००७ च्या नोंदणीची १५ वर्षं २०२२ मध्ये संपली. नूतनीकरण झालंय का, पर्यावरण कर भरलाय का, बँकेचा बोजा उतरलाय का, ते परिवहनच्या पोर्टलवर दिसतं. आयात चारचाकीच्या नूतनीकरणाची फी १ एप्रिल २०२२ पासून ४० हजार रुपये आहे, आणि २० वर्षांवरच्या गाडीला २०२५ मध्ये ती ८० हजार झाली. २०२७ ला ती तुमच्याच खिशातून जाईल. नूतनीकरण झालेलं नसेल तर ते मालकांनी करून द्यावं आणि मगच मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या व्हाव्यात.

भावाबद्दल माझं मत विचारलंत तर: कमी रनिंगचा म्हणून वेगळा पैसा देऊ नका. त्याच सालची, पुण्यातली, ४० हजार चाललेली, दर वर्षी ऑइल बदललेली बॉक्स्टर आणि ही, यांत मला पुण्याची जास्त आवडेल. ही घ्यायचीच असेल तर टायर, बॅटरी, सगळी द्रवं, रबराचे पाइप, बेल्ट, कंडेन्सर-रेडिएटर आणि ब्रेकचं काम यांचा अंदाज लेखी मागवा आणि तो मागितलेल्या किमतीतून थेट वजा करून बोला. तास आणि किलोमीटर जुळले, फिल्टर स्वच्छ निघाला, फोम कोरडा निघाला, तर बाकी सगळं पैशाने सुटणारं आहे. या तिन्हींतलं एक जरी बिघडलेलं असेल तर गुहागरला आलाच आहात, व्याडेश्वराचं दर्शन घ्या, समुद्रावर फिरा आणि परत या.

व्यवहार ठरला तर गाडी चालवत आणू नका, मागे सपाट प्लॅटफॉर्म असलेल्या ट्रकवर आणा. टो करायचा हुक पुढच्या डिकीतल्या टूलकिटमध्ये असतो, तो आहे का ते शनिवारीच बघून घ्या. ट्रकवाल्याला लांब फळ्या आणायला सांगा. या गाडीचा पुढचा ओठ इतका खाली असतो की नेहमीच्या चढावर तो आधी टेकतो.